लिफ्ट न करता पिकअपला मोठे टायर : माप, रिम आणि मोजणी

टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस ही पिकअप घेतल्यावर पहिला बदल बहुतेकांच्या मनात येतो तो टायरचा. कंपनीचे टायर हायवेसाठी असतात, मडगार्डच्या आत जागा रिकामी दिसते, आणि ऑनलाइन फोटोत तेहतीस इंची टायर लावलेल्या गाड्या रुबाबदार वाटतात. पण त्या फोटोतल्या बहुतेक गाड्या दोन इंच उचललेल्या म्हणजे 'लिफ्ट' केलेल्या असतात, कित्येकींच्या आतली प्लॅस्टिकची लायनर कापलेली असते आणि काहींचा केबिन माउंटचा, म्हणजे केबिन चासीला जोडलेली असते त्या जागेचा, पत्राही. सस्पेन्शनला हात न लावता टायर वाढवायचा असेल तर हिशेब वेगळा आहे. मूळ व्यासापेक्षा साधारण ३ ते ३.५ टक्के उंच, रुंदी जवळपास तीच आणि रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) मूळच्या आसपास, एवढ्या चौकटीत राहिलात तर गाडी घासत नाही, ब्रेक आणि गिअर बिघडत नाहीत आणि ऑफरोडचा फायदाही मिळतो. चौकटीबाहेर गेलात की एकेक तडजोड सुरू होते.

मापाचं गणित

टायरवर २६५/६५ आर१७ लिहिलेलं असतं. २६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत, १७ म्हणजे इंचातला रिम. व्यास काढायची रीत सोपी आहे: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक भिंतीची उंची दोनदा. या टायरसाठी १७ × २५.४ = ४३१.८. भिंत २६५ च्या ६५ टक्के, म्हणजे १७२.२५, दोनदा ३४४.५. एकूण ७७६.३ मिमी, साधारण साडेतीस इंच.

भारतातल्या हायलक्सवर आवृत्तीनुसार २६५/६५ आर१७ (७७६ मिमी) किंवा २६५/६० आर१८ (७७५ मिमी) येतो, म्हणजे व्यास जवळपास सारखाच. बऱ्याच व्ही-क्रॉसवर २५५/६० आर१८ असतो, त्याचा व्यास ७६३ मिमी. खरेदीआधी गाडीच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि टायरवरचा आकडा वाचा. सेकंड हँड गाडीवर आधीच्या मालकानं माप बदललेलं असू शकतं, आणि मग सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

हायलक्सच्या १७ इंची रिमवर २६५/७० आर१७ टाकला तर व्यास ८०२.८ मिमी होतो, म्हणजे ३.४ टक्के वाढ. लिफ्टशिवाय हेच सर्वांत समंजस माप. २७५/७० आर१७ (८१६.८ मिमी) ५.२ टक्के वाढतो आणि इथून घासायला सुरुवात होते. २८५/७० आर१७ म्हणजे लोकांच्या भाषेतला 'तेहतीस', ८३०.८ मिमी, ७ टक्के. लिफ्ट नसताना हा विचार सोडून द्या. १८ इंची रिम ठेवायची असेल तर २६५/६५ आर१८ (८०१.७ मिमी) पुन्हा ३.४ टक्क्यांवर येतो. व्ही-क्रॉसच्या १८ इंची रिमवर २६५/६० आर१८ ची वाढ फक्त १.६ टक्के आणि २५५/६५ आर१८ ची ३.३ टक्के. त्याच गाडीवर २६५/७० आर१७ मात्र ५.२ टक्के होतो. हायलक्सवर चाललेलं माप व्ही-क्रॉसवर तसंच चालेल असं धरू नका.

या वाढीतून मिळतं काय, तेही नीट समजून घ्या. व्यास २६.५ मिमी वाढला तर आक्सलखाली जागा वाढते फक्त निम्मी, म्हणजे १३ मिमी. खरा फायदा उंच भिंतीचा आहे. हवा कमी केल्यावर उंच भिंत जास्त वाकते, टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, दगड गिळला जातो आणि रिमला मार कमी बसतो. म्हणूनच ऑफरोडसाठी १८ पेक्षा १७ इंची रिम बरी. २६५/६० आर१८ ची भिंत १५९ मिमी, तर २६५/७० आर१७ ची १८५.५ मिमी. व्यासात साडेतीन टक्क्यांचाच फरक, पण भिंत २६ मिमीनं जास्त.

रुंदीचा मोह टाळा. रुंद टायर चिखलात वर तरंगतो आणि खालच्या घट्ट थरापर्यंत पोचत नाही, ओल्या डांबरावर पाण्याची फिल्म कापायला त्याला जास्त वेळ लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि वळवताना तो सगळ्यात आधी घासतो. सह्याद्रीतल्या वाटांवर उंच आणि बेताचा रुंद टायरच जास्त कामाचा.

कोणती नक्षी

तुमची गाडी आठवड्याचे सहा दिवस डांबरावर आणि काँक्रीटवर धावत असेल तर ऑल-टेरेन म्हणजे एटी घ्या. मड-टेरेन म्हणजे एमटी काँक्रीटच्या हायवेवर आवाज करतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो आणि लवकर झिजतो.

महाराष्ट्रात मातीच नक्षीचा निर्णय करते. मराठवाडा आणि विदर्भातल्या काळ्या कापसाच्या जमिनीत पाऊस पडला की माती एटीच्या खाचांत भरते, चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि गाडी बर्फावर असल्यासारखी सरकते. तिथं शेतात रोज जाणाऱ्याला एमटी खरोखर लागतो, कारण त्याच्या रुंद खाचा फिरताना माती फेकून देतात. उलट सह्याद्रीच्या घाटवाटांवर बसाल्टच्या कडा धारदार असतात, तिथं नक्षीपेक्षा भिंतीची ताकद महत्त्वाची. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर आणि मुरमावर साधा चांगला एटी पुरतो.

टायर दोन जातींत मिळतो. एक साधा, एसयूव्हीसाठीचा. दुसरा एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा, ज्याच्या मापाआधी एलटी अशी अक्षरं असतात. एलटीची भिंत जाड, कापली जाण्याची शक्यता कमी. पण त्याचं वजनही जास्त: याच मापाचा साधा एटी साधारण १८–१९ किलोचा असेल तर १० प्लायचा (दहा थरांच्या ताकदीचा) एलटी २३ किलोच्या वर जातो. चार चाकांना मिळून वीसेक किलो, आणि तेही फिरणारं, स्प्रिंगखालचं वजन. वेग पकडणं, ब्रेक आणि मायलेज तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. दगडात जाणार नसाल तर एलटी घेऊ नका.

भार आणि वेग

मापानंतर १२१/११८ एस किंवा ११२ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. दोन आकडे असतील तर पहिला बघा; दुसरा जोडचाकांसाठी असतो. ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. मूळ टायरच्या भार-आकड्याखाली कधीही जाऊ नका. वेगाची अक्षरं अशी: क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. एटी टायरचं अक्षर मूळ टायरपेक्षा बरेचदा खालचं असतं. ते चालेल की नाही ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

इथं एक चूक फार लोक करतात. एलटी टायरवर मोठा भार लिहिलेला दिसतो म्हणून साध्या टायरएवढीच हवा भरतात. १०६० किलोंसाठी साध्या टायरला जिथं ३६ पीएसआय लागतात तिथं एलटीला त्याच वजनासाठी जास्त हवा लागते, कारण त्याचा पूर्ण भार खूप वरच्या दाबावर ठरवलेला असतो. टायर कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता दुकानदाराकडून मागून घ्या. मागे माल भरून जाताना हा तक्ता फार उपयोगी पडतो.

बाजूच्या भिंतीवर आयएसआयचा शिक्का आणि चार आकडी तारीख बघा. ३५२४ म्हणजे २०२४ सालातला पस्तिसावा आठवडा. पाचही टायर एकाच सुमाराचे आणि वर्षाच्या आतले घ्या. टायरची आयात जून २०२० पासून निर्बंधित यादीत आहे, त्यामुळे काही मापं आज मिळतात आणि दोन वर्षांनी मिळत नाहीत. एक टायर फाटला तर जोडीचा मिळेल का, हे विचारूनच माप ठरवा.

रिम : ऑफसेट इथंच फसवतो

मूळ रिमवरच मोठा टायर बसत असेल तर रिम बदलू नका. २६५/७० आर१७ साठी ७ ते ९ इंच रुंदीची रिम चालते आणि मूळ साडेसात इंची रिम त्यात बसते. १८ वरून १७ वर यायचं असेल तेव्हाच नवीन रिमचा खर्च योग्य.

बदलायचीच असेल तर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: बोल्टची मांडणी, मधलं भोक, ऑफसेट आणि भारक्षमता. बोल्टची मांडणी हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींची ६ × १३९.७ आहे, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट. म्हणून लोक एकीची रिम दुसरीवर टाकतात, पण मधलं भोक वेगळं असतं: टोयोटाचं साधारण १०६ मिमी, इसुझूचं साधारण १०० मिमी. भोक मोठं असेल तर रिम हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकत नाही, सगळा भार बोल्टवर येतो आणि ८०–९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही केलं तरी ती थरथर जात नाही. नेमक्या मापाची हबची कडी घालून घ्या, शक्यतो धातूची. भोक लहान असेल तर रिम बसणारच नाही. ते कापून मोठं करायला कोणी तयार असेल तर त्याला गाडी देऊ नका.

ऑफसेट म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे तो आकडा. रिमच्या आत तो ईटी म्हणून कोरलेला असतो. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर. समजा मूळ रिम साडेसात इंच ईटी ३० आहे आणि तुम्ही आठ इंच ईटी २० घेता. रुंदी अर्धा इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला ६.३५ मिमी. ऑफसेटमुळे चाक १० मिमी बाहेर गेलं. बाहेरची कड १६ मिमी बाहेर आली आणि आतली कड सस्पेन्शनच्या आर्मपासून जेमतेम साडेतीन मिमी लांब गेली. हे चालतं. आता दुकानात रुबाबदार दिसणारी आठ इंच ईटी ० घ्या: बाहेरची कड ३६ मिमी बाहेर. टायर मडगार्डबाहेर येतो, दगड मागच्या वाहनांवर उडतात, आणि खड्ड्यात चाकाला बसलेला झटका स्टिअरिंगमध्ये जाणवतो, कारण चाक ज्या तिरप्या आसाभोवती वळतं त्या आसापासून ते दूर गेलेलं असतं. व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटवरही ताण वाढतो.

याचा घासण्याशी थेट संबंध आहे. चाक बाहेर गेलं की ते वळताना मोठ्या वर्तुळात फिरतं. ऑफसेट १० मिमी कमी केला तर पूर्ण वळवलेलं चाक सुमारे ५–६ मिमी पुढे किंवा मागे सरकतं: वळणाच्या आतल्या बाजूचं चाक मागे, बाहेरच्या बाजूचं पुढे. म्हणजे व्यास वाढल्यामुळे आधीच १३ मिमी जवळ आलेला टायर आणखी जवळ येतो. ऑफसेट मूळपेक्षा १० मिमीहून जास्त कमी करू नका. स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मधली चकती लावून चाक बाहेर काढणं म्हणजे हीच चूक, वर बोल्टवर जास्तीचा ताण.

रिमवर जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए या जपानी मानकांचा शिक्का आणि भारक्षमता कोरलेली हवी. मागच्या आक्सलच्या क्षमतेचा निम्मा आकडा काढा; रिमची क्षमता त्यापेक्षा जास्त असली पाहिजे. कारसाठी बनवलेल्या हलक्या रिम याच मांडणीत मिळतात आणि माल भरल्यावर खड्ड्यात तडकतात.

नट बघितल्याशिवाय दुकान सोडू नका. बाजारातल्या बहुतेक रिमना निमुळत्या टोकाचे नट लागतात, काही मूळ अलॉयना सपाट वॉशरचे. सपाट नट निमुळत्या खाचेत कसला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो.

पैसे देण्याआधी गाडी मोजा

सपाट जागा, मोजपट्टी, खडू, थोडी मळलेली कणीक किंवा प्लॅस्टिसिन, आणि एक मदतनीस. गाडीत नेहमी असतो तेवढा माल ठेवा.

१. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजा. दोन्ही बाजूंत ५–१० मिमीचा फरक असू शकतो. जी बाजू खाली तिथं आधी घासेल.

२. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे वळवून प्रत्येक पुढच्या टायरपासून तीन अंतरं मोजा: पुढे बंपरच्या आतल्या लायनरपर्यंत, मागे केबिन माउंट आणि त्यावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत, आत सस्पेन्शनचा वरचा आर्म आणि नकल (हब धरून ठेवणारा, चाकासोबत वळणारा भाग) यांच्यापर्यंत. लहान अंतरं मोजपट्टीनं कळत नाहीत. कणकेचा गोळा दाबून त्याची जाडी मोजा.

३. या अंतरांतून व्यासाची निम्मी वाढ आणि ऑफसेटचा फरक वजा करा. उभ्या गाडीत पुढे-मागे किमान १५ मिमी आणि आत नकलपाशी ५–६ मिमी उरायला हवेत. न झिजलेल्या नव्या टायरच्या खांद्यावरच्या गाठी जुन्या टायरपेक्षा बाहेर येतात, म्हणून ही सूट लागतेच.

४. आता सस्पेन्शन दाबून बघा. एक पुढचं चाक ओट्यावर किंवा मजबूत रॅम्पवर साधारण २० सेंटिमीटर चढवा, हँडब्रेक ओढा, बाकी चाकांना दगड लावा आणि स्टिअरिंग हळूहळू वळवत मदतनीसाला बाहेरून बघायला सांगा. सपाटीवर न घासणारा टायर इथं घासतो. गाडीखाली हात घालायचा असेल तर इंजिन बंद.

लिफ्ट नसलेल्या गाडीत घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली केबिन माउंटच्या आसपास, रिव्हर्समध्ये पूर्ण वळवताना. दुसरी मडफ्लॅपची आतली कड. तिसरी पुढच्या लायनरचा खालचा कोपरा. मडफ्लॅप दोन स्क्रू सोडून १०–१५ मिमी मागे सरकवता येतो. लायनर गरम हवेच्या गननं मऊ करून आत दाबता येतं. एवढं केलं तर चालेल. पत्रा कापावा लागत असेल तर माप चुकीचं आहे, टायर बदला. कोकणातल्या खाऱ्या हवेत कापलेली कड पहिल्याच पावसाळ्यात गंजते.

अलाइनमेंट करताना कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) मर्यादेच्या आत वाढवून घेतला तर पुढचं चाक दोन-चार मिमी पुढे सरकतं आणि मागच्या पत्र्यापासून सुटतं. मग पुढच्या बाजूला जागा आहे ना, ते पुन्हा मोजा.

स्टेपनी

हा मुद्दा लोक विसरतात आणि रस्त्यात अडकतात. स्टेपनी मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये, मागच्या ट्रॉलीखाली साखळीनं टांगलेली असते. नवा टायर तिथं जातो का, एक्झॉस्टला टेकत नाही ना, हे एक टायर घेऊन प्रत्यक्ष वर ओढून बघा. पाचवा टायर त्याच मापाचा घ्या. तोपर्यंत जुनी स्टेपनी वापरावी लागली तर ती मागे लावू नका: मागचा आक्सल चालवणारा असतो आणि दोन वेगळ्या व्यासांमुळे डिफरन्शियल सतत फिरत राहतो. मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं मोठं चाक मागे आणा, स्टेपनी पुढे लावा. त्या अवस्थेत डांबरावर फोर व्हील मोड लावू नका, ड्राइव्हलाइन आवळली जाते.

बसवताना आणि नंतर

रिम नवीन असेल तर टायर चढवण्याआधी रिकामी रिम हबवर लावून फिरवा. ब्रेक कॅलिपर आणि रिम यांच्यात ३ मिमी तरी जागा दिसली पाहिजे; चिखल आणि लहान खडे तिथंच अडकतात. टायर बसवल्यावर परत करता येत नाही, म्हणून हा क्रम पाळा.

नट हातानं फिरवून बसवा, मग ताऱ्याच्या क्रमानं टॉर्क पान्यानं कसा. हवेच्या गननं कसलेला नट एकतर सैल असतो नाहीतर बोल्ट ताणलेला. नेमका टॉर्क गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ५० आणि पुन्हा २०० किलोमीटरनंतर तपासा. अलाइनमेंट नव्या टायरवरच करून घ्या.

हवा ठरवायला खडू पुरतो. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, सरळ सपाट रस्त्यावर पन्नासेक मीटर जा. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी. डांबरावर मात्र स्टिकरवरच्या आकड्याखाली जाऊ नका. चिखलात २०–२२, मऊ वाळूत १६–१८ पीएसआयपर्यंत उतरता येतं, वेग कमी आणि झटके न देता. डांबरावर येताच हवा भरा. कमी हवेत हायवेला तापलेला टायर भिंतीतून फाटतो. म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर टायरसोबतच घ्या.

३.४ टक्के मोठ्या टायरवर मीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा तितकी जास्त धावते. मीटर मुळात थोडं जास्त दाखवतं, त्यामुळे आकडा आता खऱ्याच्या जवळ येतो, पण एकदा जीपीएसवर पडताळून घ्या. किलोमीटर कमी नोंदले जातात: मीटरवर १०,००० झाले तेव्हा गाडी १०,३४० धावलेली असते. सर्व्हिसचा हिशेब त्यानुसार धरा. मायलेजही कागदावर घटलेलं दिसतं; खरं १२ असेल तर मीटरच्या हिशेबानं ११.६ येतं. वजन आणि नक्षीमुळे होणारी खरी घट त्याशिवाय.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. कंपनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीवर देते ते माप सर्वांत निर्धोक. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी आरटीओकडे विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. मूळ चार रिम विकू नका. गाडी विकताना किंवा वॉरंटीचा वाद निघाला तर त्याच लागतात.

पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला पुढची लायनर, केबिन माउंटचा पत्रा आणि वरचा आर्म टॉर्च लावून बघा. कुठे काळी चकाकी किंवा रबराची भुकटी दिसली तर तिथं टायर टेकतोय. माल भरलेली आणि रिकामी, दोन्ही अवस्थांत बघा. दर आठ हजार किलोमीटरला स्टेपनीसह पाचही टायर फिरवा, म्हणजे पाचवा मागे राहून वेगळ्या व्यासाचा होत नाही.